डिफेन्सिव्ह लाइनमनचा करार वाढवावा का? निर्णयापर्यंत पोचण्याची एक रीत

११ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री लास व्हेगासमधला सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा अंतिम सामना, जादा वेळेत गेला होता. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स हे कॅन्सस सिटी चीफ्सच्या गोलरेषेपासून ९ यार्डांवर होते, तिसरा डाउन होता आणि पहिल्या डाउनसाठी ४ यार्ड हवे होते. चेंडू मागे आला, क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डीने मान वर केली, तोवर चीफ्सचा डिफेन्सिव्ह टॅकल ख्रिस जोन्स कोणाचाही हात न लागता थेट त्याच्या अंगावर आला होता. पर्डीने घाईघाईने चेंडू फेकला आणि तो जमिनीवर पडला. फॉर्टीनाइनर्सना फील्ड गोलच्या तीन गुणांवर थांबावे लागले आणि पुढच्या चढाईत टचडाउन करून चीफ्सनी सामना २५-२२ असा जिंकला. त्या खेळीसाठी अधिकृत तक्त्यात जोन्सच्या नावापुढे ना सॅक (चेंडू फेकण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला पाडणे) आहे, ना टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणे). महिनाभराने चीफ्सनी त्याच्याशी ५ वर्षांचा, १५ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला आणि त्यातल्या साडेनऊ कोटींची हमी दिली.

तक्त्यात न दिसणाऱ्या त्या एका खेळीची किंमत ज्याला करता येते, त्यालाच डिफेन्सिव्ह लाइनमनच्या, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या, करारावर मत देता येते, असे मला मनापासून वाटते. ही रीत एनएफएलपुरती आहे, आणि वाचकाला चार डाउनांचा खेळ कसा चालतो हे ठाऊक आहे असे मी धरले आहे. आरंभीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. चार किंवा पाच वर्षांची करारवाढ ही व्यवहारात दोन, फार तर तीन वर्षांची खरेदी असते आणि पुढची वर्षे बहुधा कागदावरच असतात. म्हणून "हा खेळाडू चांगला आहे का?" हा प्रश्न अपुरा आहे. "येत्या तीन हंगामांत तो आपल्यासाठी काय करील, आणि त्याच पैशात दुसरे काय मिळेल?" हा प्रश्न धरून चालावे.

पहिली पायरी: तो नेमके कोणते काम करतो ते ठरवणे

"डिफेन्सिव्ह लाइनमन" या एका नावाखाली तीन-चार वेगळी कामे येतात आणि त्यांचे बाजारभावही वेगळे असतात. सेंटरच्या समोर किंवा किंचित बाजूला उभा राहणारा नोज टॅकल हा बहुधा दीडशे किलोच्या आसपासचा गडी असतो. दोन जणांनी मिळून ढकलले तरी जागा न सोडणे, हे त्याचे काम. गार्डच्या बाहेरच्या खांद्याशी उभा राहणारा टॅकल एका फटीतून घुसून क्वार्टरबॅकपर्यंत पोचण्यासाठी असतो, आणि कडेचा डिफेन्सिव्ह एंड वळसा घालून येतो. बाजार सर्वांत जास्त पैसे कडेच्या खेळाडूला देतो. मायल्स गॅरेटने मार्च २०२५ मध्ये वर्षाला ४ कोटी डॉलरचा टप्पा गाठला आणि त्याच ऑगस्टमध्ये डॅलसहून ग्रीन बेला गेलेल्या मायका पार्सन्सला वर्षाला ४ कोटी ७० लाख मिळाले. मधल्या फळीचा भाव याहून कमी असतो, आणि नुसती धाव अडवणाऱ्या नोज टॅकलचा तर फारच कमी.

म्हणून पहिल्यांदा कागदावर लिहावे, की हा खेळाडू पहिल्या व दुसऱ्या डाउनचा आहे की तिन्ही डाउनांचा. तिसऱ्या डाउनला त्याला बाहेर बसवावे लागत असेल, तर तो कितीही बलवान असला तरी त्याला पासरशरच्या (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याच्या) भावाने पैसे देऊ नयेत. अपवाद असतात. न्यूयॉर्क जायंट्सचा डेक्स्टर लॉरेन्स नोज टॅकलच्या जागेवरून खेळताना २०२४ मध्ये १२ सामन्यांत ९ सॅक करून गेला. पण अपवाद आपल्याच संघात आहे असे प्रत्येक संघाला वाटते, आणि तिथेच गफलत होते.

बचावाची रचना बदलणार आहे का, हेही याच पायरीवर विचारावे. एका फटीत घुसायला शिकवलेल्या टॅकलला नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर दोन फटी सांभाळायला लावणार असेल, तर आपण ज्याला पाहिले तो खेळाडू पुढच्या वर्षी आपल्याकडे नसेल.

दुसरी पायरी: सॅकच्या आकड्यामागे पाहणे

इथे वेळ घालवावा, घाई करू नये. सॅक हा सर्वांत ठळक आकडा आणि तोच सर्वांत फसवा. लिओनार्ड विल्यम्सचे उदाहरण मला यासाठी फार मोलाचे वाटते. २०१९ मध्ये जेट्स आणि जायंट्स या दोन्ही संघांकडून मिळून त्याने अर्धा सॅक केला. पुढच्या वर्षी, फ्रँचायझी टॅगवर (संघाने एका वर्षापुरते थांबवून ठेवलेला असताना) खेळताना, साडेअकरा. त्या हंगामानंतर जायंट्सनी त्याला ३ वर्षांसाठी ६ कोटी ३० लाख दिले, आणि त्याचे आकडे साडेसहा व मग अडीच असे उतरले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो सिअ‍ॅटलला गेला आणि २०२४ मध्ये त्याने पुन्हा ११ सॅक केले. हा एकच माणूस आहे आणि त्याची ताकद सहा वर्षांत इतक्यांदा अर्धी-दुप्पट झालेली नाही. बदलत राहिले ते शेजारचे सहकारी, चेंडू हातात ठेवणारे किंवा लगेच सोडणारे प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक, आणि नशीब. सर्वश्रेष्ठांचेही तसेच आहे. अ‍ॅरन डॉनल्डने २०१८ मध्ये साडेवीस सॅक केले आणि २०१९ मध्ये साडेबारा, पण पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, तो पुन्हा वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला.

मग पाहायचे काय? पहिला आधार प्रेशरचा, म्हणजे क्वार्टरबॅकला किती वेळा घाई करायला लावली याचा. सॅकपेक्षा हा आकडा वर्षानुवर्षे जास्त स्थिर राहतो. दुसरा आधार समोरच्याला हरवण्याच्या दराचा. खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपमुळे प्रत्येकाची हालचाल नोंदली जाते, आणि लाइनमनने अडीच सेकंदांच्या आत आपला प्रतिस्पर्धी किती वेळा मागे टाकला, याचा दर ईएसपीएन त्यावरून काढते. तिसरा आधार, त्याच्यावर किती वेळा दोघे जण सोडले जातात. ज्याला प्रतिस्पर्धी एकट्यावर सोडायला धजत नाहीत, तो शेजाऱ्यांचे सॅक घडवत असतो. हे सॅक शेजाऱ्यांच्या नावावर जमा होतात आणि पुढे शेजारीच करारवाढ मागायला येतात. संघाने ही उलटतपासणी जरूर करावी. आपण ज्याचा विचार करतो आहोत त्याचे आकडे, शेजारचा मोठा खेळाडू दुखापतीने बाहेर असताना कसे होते?

आकड्यांनंतर चित्रफीत. माझी पद्धत अशी, की एका हंगामातले चार सामने निवडावेत, त्यांतले दोन चांगल्या आक्रमक फळीविरुद्धचे असावेत, आणि फक्त त्याच्याकडे पाहत राहावे, चेंडूकडे नाही. चेंडू हलताच त्याचे पहिले पाऊल पडते का, की अर्धा क्षण उशीर होतो? त्याचे हात समोरच्याच्या छातीवर आधी पोचतात की समोरच्याचे त्याच्या छातीवर? दोघे अंगावर आले तेव्हा तो कंबर खाली ठेवून, प्रसंगी एक गुडघा टेकून जागा धरून ठेवतो, की उभा होतो आणि तीन यार्ड मागे ढकलला जातो? पहिला डाव फसल्यावर त्याच्याकडे दुसरा डाव आहे का? शेवटी चौथ्या क्वार्टरमधल्या दहा-पंधरा खेळी सलग पाहाव्यात. थकलेला लाइनमन आधी पॅड उंच घेऊन खेळू लागतो, मग पळत पाठलाग करणे सोडतो. पहिल्या क्वार्टरमधला आणि चौथ्या क्वार्टरमधला माणूस ओळखू येण्याइतका वेगळा असेल, तर त्याला पूर्ण वेळ खेळणाऱ्याच्या भावाने पैसे देणे चूक आहे.

तिसरी पायरी: वय आणि शरीर

मधल्या फळीतले लाइनमन कडेच्या खेळाडूंपेक्षा किंचित सावकाश म्हातारे होतात, कारण त्यांचे काम निव्वळ वेगावर चालत नाही. पिट्सबर्गचा कॅमेरॉन हेवर्ड ३५ व्या वर्षी, २०२४ च्या हंगामात, पुन्हा ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात निवडला गेला. पण त्याचे उदाहरण पुढे करून तिशीतल्या प्रत्येकाला चार वर्षे देऊ नयेत. फॉर्टीनाइनर्सनी २०२३ मध्ये ३० वर्षांच्या जेव्हन हारग्रेव्हला ४ वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख दिले. २०२४ मध्ये तीन सामन्यांनंतर त्याच्या दंडाचा स्नायू फाटला आणि २०२५ च्या मार्चमध्ये संघाने त्याला मोकळे केले.

माझा ढोबळ नियम असा आहे. नव्या कराराचा पहिला हंगाम २४ ते २६ या वयात पडत असेल, तर हमीची तीन वर्षे वाजवी आहेत. २७ ते २९ असेल, तर दोन पक्की आणि तिसरे अटींवर. तिशीनंतर प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र विचार करावा. जोन्स करार करताना २९ वर्षांचा होता आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच तिशी गाठणार होता. तरीही चीफ्सनी तीन वर्षांच्या तोडीची हमी दिली, कारण त्याचा खेळ वेगापेक्षा हातांच्या कौशल्यावर आणि लांब बाहूंवर उभा आहे.

दुखापतींचा विचार करताना दोन जाती वेगळ्या ठेवाव्यात. एकाच गुडघ्याची, पावलाची किंवा पाठीची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार हा इशारा असतो, आणि तो वैद्यकीय अहवालात आधीच लिहिलेला असतो. दुसरी जात कोणाच्याच हातात नसते. न्यू इंग्लंडने एप्रिल २०२४ मध्ये क्रिश्चन बारमोरचा करार ४ वर्षांनी वाढवला आणि जुलैमध्ये त्याला रक्ताच्या गुठळ्यांचे निदान झाले. त्या हंगामात तो चारच सामने खेळला. याचा दोष करार करणाऱ्यावर येत नाही, पण प्रत्येक करारात अशा एका हरवलेल्या हंगामाची जागा मनात धरून ठेवावी, एवढे मात्र शिकता येते.

वजनाचा इतिहासही विचारावा. हंगामाबाहेरच्या महिन्यांत खेळाडू कुठे आणि कोणाबरोबर मेहनत करतो, हे संघाच्या स्ट्रेंग्थ कोचला ठाऊक असते. पैसे मिळाल्यावरही तो पहाटे जिममध्ये येईल का, याचे उत्तर जनरल मॅनेजरपेक्षा तो कोच चांगले देतो. वॉशिंग्टनने २००९ मध्ये अल्बर्ट हेन्सवर्थला ७ वर्षांचा, १० कोटी डॉलरचा करार देऊन बाहेरून आणले. पुढच्याच वर्षी शिबिराच्या आरंभी तो धावण्याच्या चाचणीत अडकला आणि २०११ मध्ये संघाने त्याला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पाचव्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकले. आपल्याच खेळाडूचा करार वाढवताना संघाकडे ही आतली माहिती असते, बाहेरून आणताना नसते. म्हणूनच दोघे सारख्या गुणवत्तेचे असतील, तर आपल्या माणसाला किंचित जास्त द्यायलाही माझी हरकत नाही.

चौथी पायरी: घड्याळ कुठे आहे ते पाहणे

ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार ४ वर्षांचा असतो आणि तिसरा हंगाम संपेपर्यंत तो वाढवता येत नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती असतो. तो तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या आरंभापर्यंत वापरावा लागतो, आणि २०२० च्या सामूहिक करारापासून तो वापरताच त्या वर्षाची रक्कम पूर्ण हमीची होते. त्यानंतर फ्रँचायझी टॅग येतो. एका वर्षाची, त्या जागेवरच्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या आकड्यांवरून काढलेली रक्कम देऊन खेळाडूला थांबवता येते. टॅग लावल्यावर दीर्घ करार करायचा तर जुलैच्या मध्यापर्यंतच मुदत असते. पुढच्या वर्षी पुन्हा टॅग लावायचा झाला तर आधीच्या रकमेच्या किमान १२० टक्के मोजावे लागतात. चीफ्सनी २०२० मध्ये जोन्सला एकदा टॅग लावलेला होता, त्यामुळे २०२४ मध्ये तो मार्ग त्यांना ३ कोटी २० लाखांच्या आसपास पडला असता. तेव्हा त्यांनी टॅग कॉर्नरबॅक लजेरियस स्नीडवर वापरला आणि जोन्सशी दीर्घ करार केला.

करार वाढवायचाच असेल, तर तो तिसऱ्या हंगामानंतरच्या वसंतात वाढवावा, असे माझे मत आहे. २०२३ साली काय झाले ते पाहा. मार्चमध्ये वॉशिंग्टनच्या डॅरन पेनने ४ वर्षांसाठी ९ कोटी घेतले, एप्रिलमध्ये टेनेसीच्या जेफरी सिमन्सने ९ कोटी ४० लाख, मे महिन्यात लॉरेन्सने ९ कोटी, आणि जुलैमध्ये जेट्सच्या क्विनेन विल्यम्सने ९ कोटी ६० लाख. चौघे एकाच पट्ट्यात, वर्षाला सव्वादोन ते अडीच कोटींच्या आत. पुढच्या मार्चमध्ये जोन्सने वार्षिक सरासरी ३ कोटी साडेसतरा लाखांवर नेली आणि क्रिश्चन विल्किन्सने लास व्हेगासकडून २ कोटी ७५ लाख घेतले. २०२३ मध्ये सही घेणारे संघ एका वर्षात स्वस्त ठरले. "अजून एक हंगाम पाहू" हे वाक्य ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण त्याची किंमत बाजार ठरवतो, आपण नाही. थांबावे ते फक्त खेळाडूच्या कामाबद्दल किंवा शरीराबद्दल खरी शंका असेल तेव्हाच.

पाचवी पायरी: किंमत कॅपच्या टक्क्यांत मोजणे

डॉलरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये, कारण सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा, दर वर्षी बदलते. २०१८ मध्ये ती १७ कोटी ७२ लाख होती, २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख आणि २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. आयपीएलच्या लिलावात संघाच्या थैलीला मर्यादा असते हे आपल्याला ठाऊक आहेच. तिथेही खेळाडूचा भाव थैलीच्या प्रमाणातच समजतो.

डॉनल्डने ऑगस्ट २०१८ मध्ये ६ वर्षांसाठी साडेतेरा कोटींची करारवाढ घेतली. वर्षाला सव्वादोन कोटी, म्हणजे त्या वर्षीच्या कॅपच्या सुमारे १२.७ टक्के. जोन्सचा २०२४ चा करार डॉलरमध्ये कितीतरी मोठा दिसतो, पण कॅपच्या हिशेबाने तो सुमारे १२.४ टक्के, म्हणजे डॉनल्डहून किंचित कमीच भरतो. आणि २०१५ मध्ये मायामीने एन्डामुकन सू याला दिलेले ६ वर्षांचे ११ कोटी ४० लाख हे त्या वेळच्या कॅपच्या १३ टक्क्यांहून जास्त होते. त्या पैशात मायामीला तीन हंगाम मिळाले आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्यांनी सूला सोडले. तिघांना एका पट्टीवर मांडल्याशिवाय कोण महाग आणि कोण स्वस्त हे कळत नाही. माझ्या हिशेबात आतल्या लाइनमनसाठी १२ टक्क्यांच्या वरचा भाव फक्त अशा माणसाला द्यावा, ज्याच्यासाठी प्रतिस्पर्धी आठवडाभर वेगळी योजना आखतात. असे खेळाडू एका वेळी साऱ्या लीगमध्ये दोन-तीनच असतात.

एजंट सांगतो ती सरासरी "नव्या पैशांची" असते, हेही ध्यानात ठेवावे. समजा खेळाडूच्या जुन्या कराराचे एक वर्ष उरले आहे आणि त्यात त्याला १ कोटी २० लाख मिळणार आहेत. त्यावर ४ वर्षांचे ९ कोटी वाढवले, तर बातमीत वर्षाला सव्वादोन कोटी छापून येते. संघाच्या दृष्टीने मात्र हे ५ वर्षांचे १० कोटी २० लाख, म्हणजे वर्षाला २ कोटी ४ लाख असतात. लवकर करार करण्याचा फायदा याच फरकात आहे.

सहावी पायरी: हमी, बोनस आणि बाहेर पडण्याची दारे

इथे खरा करार ठरतो. साइनिंग बोनस खेळाडूला थोड्याच काळात रोख मिळतो, पण कॅपवर तो कराराच्या वर्षांत, जास्तीत जास्त ५ वर्षांत, समान वाटला जातो. वरच्या उदाहरणात ४ कोटींचा बोनस दिला, तर पाचही वर्षे कॅपवर ८०-८० लाख पडतील. दोन हंगामांनंतर त्याला सोडले, तर उरलेल्या तीन वर्षांचे २ कोटी ४० लाख एकदम त्या वर्षीच्या कॅपवर येऊन आदळतात. यालाच डेड मनी म्हणतात. १ जूननंतर सोडल्याची नोंद केली, तर यंदा ८० लाख आणि पुढच्या वर्षी १ कोटी ६० लाख अशी विभागणी होते, पण रक्कम तीच राहते.

आता तिसऱ्या वर्षाचा पगार १ कोटी ८० लाख आहे आणि त्याची हमी नाही, असे धरा. खेळाडू ठेवला तर कॅपवर २ कोटी ६० लाख, सोडला तर २ कोटी ४० लाख. म्हणजे कागदावर दार आहे, पण त्यातून बाहेर पडून वाचतात फक्त २० लाख. अशा दाराला दार म्हणू नये. बोनस २ कोटींवर ठेवला असता, तर वर्षाला ४० लाख पडले असते. तिसऱ्या वर्षी ठेवायला २ कोटी २० लाख आणि सोडायला १ कोटी २० लाख लागले असते, म्हणजे पूर्ण एक कोटी वाचले असते. अर्थात खेळाडूला तेवढेच रोख पैसे हवे असतील, तर पहिल्या दोन वर्षांचे पगार वाढवावे लागतील आणि यंदाच्या कॅपवर जागा लागेल. ज्या संघाकडे आज जागा आहे, त्याने आजच जास्त सोसावे आणि पुढची दारे मोकळी ठेवावीत, असे मी निःशंकपणे सांगेन. कागदावर खोटी वर्षे जोडून बोनस आणखी पसरवण्याची चाल फक्त अशा संघाला शोभते, ज्याचा क्वार्टरबॅक ऐन भरात आहे आणि ज्याला याच दोन वर्षांत विजेतेपद हवे आहे.

हमीचेही प्रकार असतात. पूर्ण हमी वेगळी आणि फक्त दुखापतीपुरती हमी वेगळी. पुष्कळदा पुढच्या वर्षाचा पगार सही करताना फक्त दुखापतीपुरता हमीचा असतो आणि मार्चमधल्या ठरावीक दिवशी खेळाडू संघात असला, की पूर्ण हमीचा होतो. ती तारीख किती आधी ठेवायची, यावर तासन्‌तास वाद होतात आणि ते होणे योग्यच आहे. हमी केव्हा रद्द होऊ शकते याचे कलमही शब्दन्‌शब्द वाचावे. विल्किन्सला पहिल्याच वर्षी पाच सामन्यांनंतर पावलाची दुखापत झाली, जुलै २०२५ मध्ये संघाने त्याला सोडले, आणि उरलेल्या हमीच्या रकमेवरून दोन्ही बाजूंत रीतसर तंटा उभा राहिला.

कामगिरीवरचे जादा पैसे हा मधला मार्ग आहे. जोन्सने २०२३ च्या उन्हाळ्यात शिबिराला येण्याचे नाकारले, डेट्रॉइटविरुद्धचा पहिला सामना त्याने स्टेडियमच्या वरच्या कक्षातून पाहिला, आणि चीफ्स तो २१-२० असा हरले. त्यानंतर चार दिवसांनी त्या एका हंगामापुरता सुधारित करार झाला, त्यात अशी बक्षिसे होती. शेवटच्या आठवड्यात चीफ्सचे बरेच मुख्य खेळाडू विश्रांतीवर असताना जोन्स चार्जर्सविरुद्ध मैदानात उतरला, एक सॅक केला आणि दहाचा आकडा ओलांडून साडेबारा लाख डॉलर मिळवले. बक्षीस सॅकवर न ठेवता शक्य तिथे खेळलेल्या स्नॅप्सच्या (म्हणजे एकेका खेळीच्या) प्रमाणावर ठेवावे. त्यामुळे खेळाडूला आपली जागा सोडून सॅकच्या मागे धावण्याचा मोह होत नाही.

सातवी पायरी: दुसऱ्या वाटांशी तुलना

चांगला खेळाडू जाऊ देणे ही नेहमीच चूक नसते. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने जादा माणसे न पाठवता, केवळ चार जणांच्या फळीने चीफ्सना नामोहरम केले. मिल्टन विल्यम्सने दोन सॅक केले. महिन्याभराने न्यू इंग्लंडने त्याला ४ वर्षांचे १० कोटी ४० लाख दिले आणि फिलाडेल्फियाने त्याला जाऊ दिले. हे मला पटते. तो सुमारे निम्मेच स्नॅप्स खेळत होता, त्याच्याजागी शिकून तयार झालेले तरुण हाताशी होते, आणि जेलन कार्टर व जॉर्डन डेव्हिस या पहिल्या फेरीतल्या दोन टॅकलच्या करारांची वेळ जवळ येत होती. शिवाय मुक्त बाजारात खेळाडू गमावणाऱ्या संघाला पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये भरपाईची निवड मिळू शकते, अर्थात त्याने स्वतः तितकेच महाग खेळाडू विकत घेतले नसतील तर.

दुसरी वाट देवघेवीची. २०२० मध्ये फॉर्टीनाइनर्सनी डिफॉरेस्ट बकनरला १३ व्या निवडीच्या बदल्यात इंडियानापोलिसला दिले, आणि इंडियानापोलिसने त्याला लगेच ४ वर्षांचे ८ कोटी ४० लाख दिले. सॅन फ्रान्सिस्कोने वाचलेल्या पैशातून एरिक आर्मस्टेडला राखले आणि एक स्थान मागे सरकून जेव्हन किनलॉला निवडले. किनलॉचा गुडघा साथ देईना. तीन वर्षांनी त्याच जागेसाठी त्यांनी हारग्रेव्हला आणले, ते ४ वर्षांच्या ८ कोटी ४० लाखांनाच. म्हणजे २६ व्या वर्षी जो भाव आपल्या खेळाडूला नाकारला, तोच पुढे तिशीतल्या परक्याला दिला. कॅप मधल्या काळात वाढली होती आणि आर्मस्टेडची बाजूही हिशेबात धरायला हवी, हे खरे. तरी देवघेव करण्यापूर्वी "मिळणारी निवड फसली, तर तीन वर्षांनी ही जागा कितीला भरावी लागेल?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ड्राफ्टची निवड म्हणजे खेळाडू नव्हे, ती खेळाडू मिळण्याची शक्यता आहे.

आठवी पायरी: आकडा आधी लिहिणे, मग बोलायला बसणे

एजंटशी पहिली बैठक होण्यापूर्वी तीन आकडे लिहून, जनरल मॅनेजर आणि मुख्य प्रशिक्षक या दोघांच्या सह्या घेऊन ठेवावेत: पहिल्या दोन वर्षांत द्यायची जास्तीत जास्त रोख रक्कम, हमीची वरची मर्यादा, आणि तिसऱ्या वर्षी सोडल्यास किती डेड मनी सोसायची तयारी आहे. वार्षिक सरासरीचा आकडा चौथा, आणि तो एजंटला हवा तसा चमकदार करून द्यायला हरकत नाही, कारण शेवटच्या वर्षात न मिळणारे पैसे घालून तो फुगवता येतो. पहिले तीन आकडे मात्र हलवू नयेत.

मर्यादा ओलांडली जात असेल तर थांबावे, पण थांबणे म्हणजे संबंध तोडणे नव्हे. चीफ्सनी २०२३ मध्ये जोन्सची मागणी मान्य केली नाही, त्याने एक सामना बुडवला, दोन्ही बाजूंनी राग गिळला. मधल्या काळात कॅप २२ कोटी ४८ लाखांवरून २५ कोटी ५४ लाखांवर गेली, आणि आदल्या वर्षी न बसणारा आकडा २०२४ मध्ये बसला. याच संघाने २०२२ मध्ये पास झेलणाऱ्या टायरीक हिलला पाच निवडींच्या बदल्यात मायामीला दिले होते. पासकॅचरची जागा आपला क्वार्टरबॅक इतरांकडून भरून काढील, पण मधून येणारा दबाव दुसरे कोणी देऊ शकणार नाही, असे त्यांनी मानले असावे, आणि मला ते बरोबर वाटते.

सही झाल्यावर फाइल बंद करू नये. दुसऱ्या हंगामाच्या नोव्हेंबरमध्ये, हमीची पुढची तारीख यायला चार महिने उरलेले असताना, दुसऱ्या पायरीवरच्या चित्रफिती पुन्हा काढाव्यात आणि तेच पाच प्रश्न विचारावेत: पहिले पाऊल, हात, दोघांसमोरची जागा, दुसरा डाव, चौथा क्वार्टर. उत्तरे बदललेली असतील, तर मार्चच्या त्या तारखेच्या आधी निर्णय घ्यावा, नंतर नाही.